बाळाआजोबांचं लांबलचक गाऱ्हाणं

चारकोपच्या एका इमारतीत, तळमजल्याच्या पायरीवर, रोज संध्याकाळी बाळाआजोबांची शाळा भरायची. गोष्टींना ते गजाली म्हणायचे, आणि विषय एकच: आजोबांचं मालवणकडचं गाव आणि तिथली होडी. वादळात एकच वल्हं उरलं होतं, शेजारून मुशी पोहत होती, मुशी म्हणजे छोटा शार्क, आणि तरीही आजोबांनी होडी किनाऱ्याला लावली होती. मुशी पहिल्यांदा दोन हातांची होती. चार वर्षांत ती सात हातांची झाली.

खरी गोष्ट फक्त प्रेमाआजींना ठाऊक होती. आजोबा सहा वर्षांचे असताना एसटीत बसून मुंबईला आले ते आलेच. पुढची सगळी नोकरी त्यांनी छापखान्यात केली. पाण्याचं त्यांना एवढं भय, की गोराईला जायचं तर सगळे जेट्टीवरून बोटीनं पाच मिनिटांत पलीकडे पोहोचायचे आणि आजोबा भाईंदरवरून दीड तासाचा वळसा घालून जायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, रस्त्यानं झाडं चांगली दिसतात.

हे असंच चाललं असतं. पण नात प्रांजलनं शाळेत निबंध लिहिला, ‘माझे आजोबा नावाडी होते’. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मग प्रांजलनं जाहीर केलं की नववा वाढदिवस बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, डोंगरातल्या तळ्यावर करायचा, आणि बोट आजोबा चालवणार. वर्गातला ओजस हे प्रत्यक्ष बघायला येणार होता. ओजसला कुठलीही गोष्ट बघितल्याशिवाय पटत नसे.

त्या रविवारी आजोबांनी जमेल तेवढा वेळ काढला. आधी मुलांना भाड्याच्या सायकलींवर बसवलं आणि स्वतः मागून पळत आले, म्हणजे दर शंभर पावलांवर थांबता येईल. मग टेकडी चढायचा आग्रह धरला. वर पोहोचल्यावर प्रत्येक झाडाचं नाव सांगितलं. नाव येत नव्हतं तिथे पानाचा वास घ्यायला लावला. प्रेमाआजी अधूनमधून तळ्याकडे बघून हसल्या.

शेवटी तळं आलंच. काठावर बोटींचं काम बघणारे राजाराम उभे होते, हातात घड्याळ, डोक्यावर टोपी. एका फेरीला अर्धा तास, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकून आजोबांच्या डोक्यात प्रकाश पडला: हा अर्धा तास काठावरच संपवला, तर बोटीत बसायला नकोच.

“थांबा,” ते म्हणाले. “आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय होडीत पाय ठेवत नाहीत.”

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं सांगितलेलं मागणं. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. त्यात कितीही मागता येतं. फक्त खोटं बोलायचं नाही, हे आजोबांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. नारळ नव्हता, म्हणून ओजसच्या डब्यातलं मोसंबं त्यांनी दोन्ही हातांत धरलं आणि डोळे मिटले.

“बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरा ह्या तळ्याच्या काठार उभी हत रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” प्रेमाआजी आणि मुलं म्हणाली.

आजोबांनी प्रांजलसाठी आयुष्य मागितलं. इमारतीची लिफ्ट सुरू राहू दे म्हणाले. ओजसला अपूर्णांक जमू देत, असं मागितल्यावर ओजस सगळ्यांत मोठ्यानं ‘व्हय महाराजा’ म्हणाला. बोटीसाठी रांगेत उभे असलेले निम्मे लोक कोकणातलेच निघाले. तेही सामील झाले आणि मागून चिठ्ठ्या पुढे सरकवाव्यात तशा मागण्या सुचवू लागले. कुणाच्या भाचीचं लग्न, कुणाचा गुडघा, कुणाच्या खिडकीतली कबुतरं. आजोबांनी एकही मागणी नाकारली नाही. वीसेक मिनिटं झाली असतील असा अंदाज घेऊन त्यांनी एक डोळा उघडला आणि राजारामांना हळूच विचारलं, किती वेळ उरला.

राजारामांनी टोपी काढून काखेत धरली होती.

“पुरा अर्धा तास,” ते म्हणाले. “मी देवगडचा आहे, आजोबा. गाऱ्हाणं चालू असताना घड्याळ लावत नाही आपण. सावकाश होऊ दे तुमचं.”

आजोबांनी डोळा मिटला. मागण्यासारखं जगात आता काहीच उरलं नव्हतं. मोसंबं घामानं ओलं झालं होतं. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते, आणि गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही.

“बा रवळनाथा,” त्यांचा आवाज बारीक झाला, “ह्या बाळ्यान आयुष्यात कधी होडी हाकूक नाय. पोरांका सांगितलेल्यो सगळ्यो गजाली खोट्यो. ताका पाण्याचा लय भय वाटता. तरी नातीच्या वाढदिसाक तो बोटीत बसतलो. बुडवू नको रे महाराजा.”

आजोबांना डोळे उघडायचा धीर होईना. मग अगदी जवळून, त्यांच्या कोपराशी, प्रांजलचा आवाज आला.

“व्हय महाराजा.”

तिच्यामागून सगळी रांग म्हणाली.

राजारामांनी टोपी घातली, घड्याळ लावलं आणि आजोबांच्या लाइफ जॅकेटचे बंद दोनदा ओढून बघितले. बोट पायांनी चालवायची होती. आजोबांनी वळवायचा दांडा दोन्ही हातांनी एका बाजूला ओढून असा घट्ट धरला, की बोट अर्धा तास एकाच जागी गोल गोल फिरत राहिली. काठावरून प्रेमाआजी मोजत होत्या. अठराव्या फेरीला आजोबांनी डोळे उघडले आणि त्यांना डोंगर दिसला. एकोणिसाव्या फेरीला तोच डोंगर पुन्हा दिसला. चांगला होता.

“मुशी पण खोटीच?” ओजसनं मागच्या बाकावरून विचारलं.

“मुशी खरी होती,” आजोबा म्हणाले. “मासळी बाजारात होती.”

“किती हातांची?”

आजोबांनी दांडा न सोडता विचार केला. “एक. शेपटी धरून.”

प्रांजल पाय मारत होती. निबंधाचं काय करायचं, हा प्रश्न तिच्या आणि आजोबांच्याही मनात होता.

“आजोबा,” ती शेवटी म्हणाली, “मी बाईंना सांगते, थोडी चूक झाली. ते नावाडी झाले, पण या रविवारी.”

“सांग,” आजोबा म्हणाले. “आणि मला सांग, हे थांबवायचं कसं?”


काठावर राजाराम दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते, की आजोबा, दांडा सोडा.