ज्या बाकावर बुरुल एजे बसत नसे

मित्रांनो, तुमच्यासमोर बोलतोय तो किर्गिझस्तानातल्या काराकोल शहराच्या बाजारातला एक जुना बाक. सापारच्या बुटांच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. डोंगरावरच्या एका उंच झाडातून मला घडवलं, आणि सापारच्या वडिलांनी माझ्यावर लाल रेक्झिनची गादी ठोकली. तेव्हा लोक गादीवर हात फिरवून मगच बसत.

पुढे दिवस पालटले. कुणी चिखलाचे बूट काढून माझ्यावरच ठेवू लागलं, कुणी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं माझ्या फटीत कोंबू लागलं. एका बाईने तर लग्नात नाचून झालेले बूट परत आणले आणि म्हणाली, "पायातसुद्धा घातले नाहीत हो!" बुटांच्या तळाला गवत चिकटलेलं होतं.

बुरुल एजेने ते शांतपणे काढलं. "मग बूट एकटेच कुरणावर फिरून आले असतील," ती म्हणाली.

ही बुरुल एजे दुकानात बूट विकायची. केस पिकलेले, उजवा गुडघा दुखरा. सगळा बाजार तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचा. दिवसभर ती गिऱ्हाइकांपुढे वाके, उठे, खोकी काढी, परत रची. पण माझ्यावर ती कधीच बसत नसे. सापारचा तसा नियमच होता. विकणारी माणसं बसलेली दिसली की दुकान आळशी वाटतं, असं त्याचं म्हणणं.

एकदा हिवाळ्यात, रविवारच्या दिवशी, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घातलेली एक बाई येऊन माझ्यावर बसली. कानाला फोन, आणि बोटाने नुसतं दाखवत होती. हा काढा. तो नको. खोक्यांचा ढीग झाला. तिच्या शेजारी बसून उरुमकान आपा, बाजारात लोणी विकणारी म्हातारी, आपले आपण रबरी बूट चढवत होती.

फोनवाल्या बाईने पाय पुढे केला. "चेन लावा ना. उभ्या काय राहिलात?"

एजे खाली वाकली. गुडघ्यातून कळ आली, तोल गेला, आणि ती धपकन माझ्यावर बसली.

"अहो! गिऱ्हाइकाच्या मांडीला मांडी लावून बसता?" बाई ओरडली.

उरुमकान आपा सरकली आणि एजेला जागा करून दिली. "बस गं पोरी. या फोनवालीचे हात काही बर्फात गळून पडले नाहीत, लावेल आपली चेन."

सापार धावत आला. एजे उठायला लागली, पण पाय जोर धरेना. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून सापार स्वतःच गुडघ्यावर बसला. बूट चढवताना त्याला घाम फुटला. बाईने घोटा झटकला, टाच त्याच्या हनुवटीला लागली. तिला पत्ताच नव्हता, ती फोनवर हसत होती. मग दुसरी जोडी, मग तिसरी. शेवटी ती आपले जुने बूट घालून उठली.

"काही खास नाही तुमच्याकडे," म्हणाली आणि निघून गेली.

सापार उघड्या खोक्यांमध्ये तसाच बसून राहिला. हनुवटी चोळत त्याने विचारलं, "एजे, रोज असंच असतं?"

"नाही रे," एजे म्हणाली. "रविवारी जास्त असतं."

उरुमकान आपा खो खो हसली. सापारला हसू आलं, पण त्याची मान खाली गेली. एजे उठू लागली तेव्हा तो म्हणाला, "बसा एजे. खोकी मी लावतो. आणि उद्यापासून दुकान रिकामं असलं की बसत चला."

मित्रांनो, आजवर किती माणसं माझ्यावर आदळली असतील! पण एजेने अंग सैल सोडलं आणि मला कळलं, इतकी वर्षं राबणाऱ्या त्या बाईचं वजन किती कमी होतं.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा आपल्या बुटाची चेन आपण लावा. नको असलेला बूट खोक्यात परत ठेवा. आणि समोरचं माणूस कधीपासून उभं आहे, तेवढं एकदा विचारा.