शेऱ्याचा रकाना

महेशने दुकानातल्या टेबलावर सविताचा जुना लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला घेतले. मधोमध तडकलेल्या स्क्रीनच्या कडेला दसऱ्याचं हळदकुंकू अजून चिकटून होतं.

"स्क्रीन तेवढा नीट फोड," सविता म्हणाली. "बाकीचं जाऊ दे भंगारात."

गंगापूर रोडवर राहत्या घरातच तिचं वधूवर केंद्र होतं. दिवसभर आया येत, पत्रिका उघडत, चहा निवत ठेवत. आज तिला उभंही राहवत नव्हतं. तिने स्टूल ओढलं.

लॅपटॉपमध्ये सगळ्या स्थळांची यादी होती. नाव. शिक्षण. उंची. मामाचं कूळ.

आणि शेवटचा रकाना, शेरा. तो ती कुणाला दाखवत नसे. आया जाता जाता, चप्पल घालताना, आवाज उतरवून जे सांगत ते त्यात.

महेशने आतून एक चपटी पेटी, हार्ड डिस्क, काढली आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. नावं उघडली.

हर्षाली. बी. ए. पाच फूट दोन. लहानपणी फिट्स, आता गोळ्या बंद. आईने हो म्हटल्याशिवाय बोलू नये.

महेशने मान दुसरीकडे वळवली.

"स्क्रीन तर फुटलाय," सविता म्हणाली.

"काकू, स्क्रीन नुसता दाखवतो. असतं सगळं ह्या पेटीत. पहिल्या कॉम्प्युटरची होती ना, टेबलाखालच्या डब्यात, तशीच."

टेबलाखालचा डबा.

पहिल्या कॉम्प्युटरचा मॉनिटर तिने जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. दर दसऱ्याला पुजलेली वस्तू, त्यात लोकांच्या मुली. भंगारात कशी द्यायची? डब्याला कधी हळदकुंकू लागलं नव्हतं. तो पायाशी असायचा. तो तिने जुने कॉम्प्युटर घेणाऱ्याला देऊन टाकला.

त्यानंतरच्या दिवाळीत हर्षालीचा साखरपुडा मोडला. तिची आई लंकाबाई सायखेड्याहून आली ती दारातच उभी राहिली.

"गोळ्या बंद झाल्यात, हे बी ठावं हाय पोराकडच्यांना. ताई, तुमच्याबिगर कोनाला म्हाईत नव्हतं."

सविताने गंगेची शपथ घेतली होती, या घरातून शब्द बाहेर गेलेला नाही. वर चिडून म्हणालीही होती की विश्वास नसेल तर नाव काढून घ्या. लंकाबाईने नाव काढून घेतलं नव्हतं. फक्त पुन्हा आली नाही.

त्या नवऱ्या मुलाच्या भावाचा सायबर कॅफे होता. जुने कॉम्प्युटर विकत घेऊन पोराने धंदा उभा केला, असं स्थळ सांगताना सवितानेच कौतुक केलं होतं.

"पेटी फोडू ना?" महेशने हातोडी उचलली.

तिने मान हलवली. तीन घाव लागले. आतली चकती वाकली, मग तुटली. महेशने तुकडे कागदात बांधून दिले. पुडी तिने पर्समध्ये घातली, पदर सारखा केला.

"दमलेल्या दिसता काकू. गाडीवर घरी सोडतो."

"घरी नको," ती म्हणाली. "सायखेड्याची एसटी मिळेल तिथे सोड."