मानेला हात लावू नका

"आमच्या घरान्यात सात पिढ्या कोनाला चश्मा लागला नाय. मना अजून खाडीपारची होडी दिसते!" असं छाती ठोकून सांगत देवजी म्हात्रे उन्हात आले आणि भाडेकरूच्या दोरीवर वाळणाऱ्या शर्टाला त्यांनी प्रेमानं विचारलं, "काय रे, बरा हायस ना?"

बोनकोड्याची सगळी आळी हसली. यशोदाबाईंना मात्र घाम फुटला. उन्हात गेलं की नवऱ्याच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा येतो, हे त्या महिनाभर बघत होत्या.

चार दिवसांत तो डोळा लालभडक झाला, कपाळ ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. थोरले दीर कोंडिबा म्हणाले, "बाहेरचं हाय." लगेच तळवलीहून सयाजी भगत आला. त्यानं फुंकलेला अंगारा देवजींच्या डोळ्याऐवजी कोंडिबांच्या नाकात गेला. कोंडिबा लागोपाठ अकरा वेळा शिंकले.

"निघालं बघा!" भगत म्हणाला. "आता अवसेला तेलानं मान चोलू. नजर मानंत अडकलीय."

यशोदाबाईंना डॉक्टर हवा होता. पण बोलणार कशा? थोरल्या दिरासमोर भावजयीनं तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. एकदा कोंडिबांच्या पंच्याला निखारा लागला, तेव्हाही त्या आधी सुनेला शोधायला धावल्या होत्या. सुनेनं सांगेपर्यंत अर्धा पंचा जळाला. रीत तेवढी शाबूत राहिली.

अवसेच्या सकाळी सून मनस्वीनं करंजाड्याला साखरपुडा असल्याची थाप मारली आणि सासू-सासऱ्यांना थेट डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळ्याचा दाब मोजला, मग मानेला स्टेथोस्कोप लावला.

"आजार मानेत आहे," त्या म्हणाल्या. "रक्ताची नळी आतून बुजलीय. डोळ्याला रक्त कमी पडतं, म्हणून तिथे भलत्याच नव्या रक्तवाहिन्या वाढल्या. त्यांनी डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवली, दाब चढला. हा काचबिंदू. डावी नजर बहुतेक गेलीच. आता मेंदू सांभाळायचाय. उद्याच मोठ्या हॉस्पिटलात भरती करा. आणि मानेला कुणी हात लावू नका. आतला थर सुटून मेंदूत गेला तर अर्धांगाचा झटका येईल."

घरी आले, तर ओटीवर भगत तेलाची वाटी घेऊन बसलेला.

"ये देवजी, बस," कोंडिबा म्हणाले.

देवजी थोरल्या भावाचं ऐकून बसले. भगतानं बाह्या सरसावल्या. यशोदाबाईंनी मनस्वीकडे बघितलं, मग पदर खोचून त्या स्वतःच पुढे झाल्या.

"भावजी, यांच्या मानंला हात लावायचा नाय!"

कोंडिबांच्या तोंडातलं पान खाली पडलं. या घरात असा आवाज आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"मना बोलतेस? लाज हाय का?"

"लाज ठेवली न् यांचा डोला गेला. आता मानूस नाय घालवायची मी." त्यांनी वाटी उचलून ओटीवरच उपडी केली. भगत तेलकट लादीवरून घसरत चप्पल न घालताच पळाला.

आळीत दिवसभर एकच चर्चा: देवजीच्या डोळ्याचं राहू द्या, बायको दिरासमोर बोलली!

दुसऱ्या दिवशी देवजींना हॉस्पिटलात आणलं. यशोदाबाई आणि मनस्वी कागद भरायला खिडकीवर गेल्या. बाकावर देवजींशेजारी कोंडिबा होते. भावाच्या काळजीनं त्यांना राहवेना. त्यांनी खिशातून तेलाची बाटली काढली आणि पाच मिनिटं देवजींची मान चोळली.

देवजींचा उजवा हात लुळा पडला. वाचाही गेली.