सुकन्या मॅडमचा डावा पाय

मी पाय बोलतोय. डावा. घाबरू नका, मी हाडामांसाचा नाही.

दोन हजार बारा साली लातूरच्या एका शिबिरात माझा जन्म झाला. प्लॅस्टिकची जाड नळी भट्टीत तापवली, सुकन्याच्या पायाच्या साच्यावर ओढली, खाली रबराचं पाऊल बसवलं आणि वर मांडीला आवळायचा पट्टा लावला. दुपारपर्यंत मी तयार! कारागीर शेषेराव यांनी मला दोनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "घ्या मॅडम. चिखलात घाला, पाण्यात घाला, याला काई होत न्हाई."

मॅडम नुसत्या हसल्या. चिखल आणि पाणी राहू द्या, त्या मला उजेडसुद्धा दाखवत नव्हत्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात सुकन्याच्या अंगावर भिंत पडली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ती वाढत गेली तसे खोटे पाय तोकडे पडत गेले. माझ्याआधी पाच झाले. ती लातूरला शिकली आणि गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हा तिथंच फिजिक्स शिकवू लागली. सकाळी सहाला पहिली बॅच, समोर दोनशे पोरं-पोरी. चार-चार तास आम्ही दोघं फळ्यापुढे उभे असायचो. मोजा, बूट आणि वर जमिनीला टेकणारी साडी, असा माझा बंदोबस्त. चाल पाहून कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "गुडघा दुखतो."

घरच्यांखेरीज खरं फक्त दोघींना ठाऊक होतं. देविका आणि मृण्मयी, अकरावी-बारावीला वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणी. मृण्मयी नांदेडला बँकेत होती, देविका ओमानमध्ये मस्कतच्या दवाखान्यात. दोन हजार चौदाच्या दिवाळीच्या सुट्टीआधी देविकाचा फोन आला.

"तिघींचं बुकिंग केलंय. समुद्राकाठी. आता न्हाई म्हणशील तर तुझं-माझं संपलं बघ."

ओमानमधल्या सूर गावाजवळ समुद्राला लागून ते हॉटेल होतं. फक्त बारा खोल्या. जाड पांढऱ्या भिंती, नक्षीचं दार, आल्या-आल्या हातात खजूर आणि वेलदोडा घातलेला कहवा, म्हणजे अरबी कॉफी. अंगणाच्या तीन पायऱ्या उतरल्या की वाळू. हॉटेल सांभाळणारे म्हातारे सालिमचाचा हिंदी बोलायचे, आणि सुकन्याचं लातूरचं दखनी ऐकून खूश व्हायचे.

पहिला दिवस सुकन्या खुर्चीत बसून राहिली. मांडीवर चाचणीच्या उत्तरपत्रिका!

"काय करून राहिलीस गं तू?" मृण्मयीनं कपाळाला हात लावला. "विमानानं इथवर आलीस ते पेपर तपासायला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मृण्मयी गुडघाभर पाण्यात गेली, एका लाटेनं आडवी झाली आणि अशी किंचाळली की बगळे उडाले. सुकन्या पोट धरून हसली.

"एवढ्याशा पाण्यात बुडालीस व्हय?"

"तुला येतं का मोठं पोहायला?"

"येतं की. अण्णांनी पाठीला डालड्याचा डबा बांधून विहिरीत टाकलं होतं. दहाव्या वर्षी मी काठावरून उडी मारायचे."

दोघी बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना तिनं कधी सांगितलं नव्हतं. देविका जवळ येऊन बसली. "मग आता कुणाची लाज धरून राहिलीस? इथं आम्ही दोघी, आन् तो समुद्र."

सुकन्यानं मांडीवरच्या उत्तरपत्रिका खाली ठेवल्या. मग उठली आणि माझ्यावर भार टाकून थेट ओल्या वाळूपर्यंत चालत गेली. तिथं बसली. पट्टा सोडला. उघड्या आभाळाखाली तिनं मला पहिल्यांदाच काढलं. मला वाळूवर ठेवून ती सरकत-सरकत पाण्यात शिरली.

सुरुवातीला ती वाकडीच जायला लागली. एकच पाय मारत होता ना! मग तिनं हातांचा मेळ बसवला आणि सरळ झाली. पुढे गेली, उताणी पडली, वळली. काठावर दोघी टाळ्या पिटत होत्या. मीही पिटल्या असत्या.

भरती लागली होती. सालिमचाचांनी सकाळीच बजावलं होतं, "पानी चढता है बेटी, सामान ऊपर रखना." दोघींनी चपला, पर्स, टॉवेल वर नेले. मला मात्र कुणी सामान समजलं नव्हतं. एक लाट आली, दुसरी आली आणि तिसरीनं मला उचललं.

"पाय! सुकन्या, पाय चालला!" मृण्मयी ओरडली.

देविका छातीभर पाण्यात धावली, पण तिला पोहता येत नव्हतं. मी हेलकावे खात आत निघालो होतो. खरं सांगतो, मी भ्यालो. परमुलखात ही बाई आता घरी कशी जाणार?

आणि मग मला ती दिसली. सपासप हात मारत येत होती. एक लाट तिच्या डोक्यावरून गेली. ती खालून वर आली. माझा पट्टा हाताला लागला, निसटला, पुन्हा लागला. पोहायला दोन्ही हात हवेत म्हणून तिनं पट्टा दातांत धरला आणि काठाकडे वळली. दोन वर्षं मी तिला चालवलं होतं. त्या दुपारी तिनं मला घरी आणलं.

वाळूवर तिघी गळ्यात गळा घालून रडल्या आणि हसल्या. सालिमचाचा बादलीभर गोडं पाणी घेऊन आले, खाली बसले आणि त्यांनी स्वतः मला धुतलं. "शाबास," ते म्हणाले, "ऐसा तैरना तो हमारे मछेरे तैरते हैं."

संध्याकाळी सुकन्या वाळूवरच जेवायला बसली. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मी सगळ्यांसमोर, ऐटीत.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच बॅचला तिनं मला काढून टेबलावर उभं केलं. मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून बघू लागली. "हा माझा पाय. हा समुद्रात बुडला न्हाई, तरंगला. का? कारण सांगा." मग एकदम साठ-सत्तर हात वर झाले.

आता माझा तळवा झिजलाय, पट्टा दोनदा बदललाय. दर रविवारी सकाळी आम्ही लातूरच्या तरणतलावावर जातो. कधी तिकडं आलात आणि पायरीवर एकटाच पाय उभा दिसला, तर कृपा करून कीव करू नका. आणि मला तिथून हलवू नका. मॅडम पाण्यात आहेत. त्यांचे चार फेरे अजून बाकी आहेत.