दगडाची चाल, मोटेची चाल

आसेगावच्या शाळेतली पोरं घरी गेली तरी बाबूसिंग पाटी घेऊन बसूनच होता. लग्न झालेला गडी. परवा वाशीमला परीक्षा. पास झाला तर तांड्यावरच्या नव्या शाळेची मास्तरकी त्याची. नापास झाला तर पुन्हा बापाची मोट. मागच्या खेपेला बीजगणितानेच दगा दिला होता.

सैफुद्दीन मास्तरांनी गणित घातलं : मनोऱ्यावरून सोडलेला दगड तीन सेकंदांत जमिनीवर आला. शेवटच्या सेकंदात किती फूट पडला?

रीत पाठ होती. सेकंदांचा वर्ग, गुणिले सोळा : एकशे चव्वेचाळीस. त्याला तीनने भागून बाबूसिंगने अठ्ठेचाळीस लिहिले.

"तिन्ही सेकंद सारखेच कायले?" मास्तरांनी विचारलं.

"मंग, मास्तरसाहेब? बैल मागं सरते तशी मोट उतरते. वीत न् वीत सारखी. लहानपणापासून हाकून राह्यलो."

"मोटेले बैल हायेत. या दगडाले तू कोनते जुंपले?" मास्तर हसले. "पयल्या दोन सेकंदांचे चौसष्ट वजा कर. ऐंशी राह्यते. पटत नसंल तर पाठ कर."

पाठ करूनच तो मागच्या वर्षी पडला होता.

घरी येताच त्याने सुतळीला सारख्या अंतरावर चार खडे बांधले, बायकोची काशाची थाळी लिंबाखाली पालथी घातली आणि झाडावर चढून, खालचं टोक थाळीला टेकवून सुतळी सोडली.

"होळीत वाजवाची थाळी हाय ते! पोचे पडतीन," गोमतीबाई ओरडली. मग कान देऊन म्हणाली, "अन् हा काय ताल हाय? शेवटी पळून राह्यला."

बाबूसिंग फांदीवरच थबकला. उतरून त्याने खडे सोडले आणि सुतळीच्या खालच्या टोकापासून एक, चार, नऊ, सोळा वितींवर पुन्हा बांधले. वर्गांच्या हिशेबाने.

टण, टण, टण, टण.

"आता जमला," गोमतीबाई म्हणाली.

परीक्षेत विहीरच आली. चौसष्ट फुटांवर पाणी. काठावरून दगड सुटला, त्याच क्षणी मोटही निघाली; मोट सेकंदाला तीन फूट उतरते. दगड पाण्याला लागेल तेव्हा मोट किती फूट खाली? बाबूसिंगने दगडाला वर्ग लावला : दोन सेकंद. मोटेला लावला नाही. तिला बैल होते. सहा फूट.

पावसाळ्याच्या तोंडी तांड्यावर शाळा उघडली. घंटा नव्हती. नव्या मास्तरांनी घरात थाळी मागितली.

"पाह्यले ना पोचे?" गोमतीबाई म्हणाली. "आता मास्तर झाले, तर हाका मारा."

बाबूसिंग अंगणात गेला आणि बैलांना मारायचा तशी हाक मारून त्याने पोरं गोळा केली.