तोकुजीचं उतरणं

"अरे गुडघे वाकव म्हटलं, कंबर नाही! नमस्कार कुणाला करतोयस?" ओनुमा-सान खालून ओरडली.

तोकुजीने गुडघे वाकवले आणि तो पाठीवर आपटला. उजेडल्यापासून नवव्यांदा. हातभर लांबीचे ते स्कीबोर्ड बुटांना घट्ट जखडलेले होते, पडलं तरी सुटत नव्हते. पाय एकीकडे, गुडघा भलतीकडे. तो तसाच आभाळाकडे बघत पडून राहिला.

"मेलास का?"

"नाही."

"मग ऊठ. साडेआठला पाळणे सुरू करायचेत तुला."

ओनुमा-सान, म्हणजे ओनुमाबाई, सत्तरीची होती. डोंगराच्या पायथ्याशी तिचं स्की भाड्याने द्यायचं दुकान होतं. लांब स्की एकोणसाठाव्या वर्षी शिकायच्या तर दोन हिवाळे जातील, हे आखूड बोर्ड दोन आठवड्यांत जमतील, असं तीच म्हणाली होती. काठ्यासुद्धा लागत नाहीत. तोकुजीजवळ अकरा दिवस होते. एक एप्रिलला त्याच्या बायकोला, मासुएला, शहरातल्या शुश्रूषागृहात जागा मिळणार होती.

एकतीस वर्षं तोकुजी याच डोंगरावर, स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांचं काम करत होता. माणसाच्या गुडघ्यामागे पाळणा अलगद टेकवायचा, वरच्या ठाण्यावरचा बर्फ ओढायचा आणि काम संपलं की रिकाम्या पाळण्यात बसून खाली यायचं. सगळं गाव त्याला हसायचं. पाळण्यातून वर जाणारे हजारो, खाली येणारा हा एकटा.

मासुए मात्र दूरच्या सायतामा प्रांतातून आली होती ती स्कीसाठीच. लग्न करून इथलीच झाली. दर हिवाळ्यात ती सरसरत खाली यायची, उताराच्या टोकाशी वळून थांबायची आणि वर बघून हाक मारायची, "अहो, या ना! मी थांबलेय!" वरून तो हात हलवायचा. "पुढच्या वर्षी!" असं म्हणायचा. अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी भात लावायला विसरली, मग घराचा रस्ता, मग त्यालाच. तो कामावर असला की ती ओनुमा-सानच्या दुकानापुढच्या बाकावर बसायची. कुणी विचारलं तर सांगायची, "आमचे हे वर आहेत. आता येतीलच स्कीवरून." तोकुजी पाळण्यातून उतरून समोर उभा राहिला तरी ती त्याच्या खांद्यावरून उताराकडेच बघायची.

"म्हणून हे खूळ," ओनुमा-सान पहिल्या दिवशी म्हणाली होती. "तू वरून घसरत आलास की ओळखेल, असं वाटतंय तुला?"

"वाटत नाही. पण ती तिथेच बघते ना."

ओनुमा-सानने बोर्ड पुसून त्याच्यापुढे ठेवले आणि भाडं सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी तोकुजीचा उजवा गुडघा सुजला. सातव्या दिवशी उजवीकडे वळता यायला लागलं. डावीकडे काही केल्या जमेना. "पायांकडे बघू नकोस, मेल्या! पाय कुठे पळून जात नाहीत. जायचंय तिकडे बघ!" ओनुमा-सान खालून ओरडायची. सराव संपवून मासुएला न्यायला घरी आला की तो भिंतीला धरून जिना चढायचा. मासुए त्याला दार उघडून द्यायची आणि अदबीने विचारायची, "कोण पाहिजे आपल्याला?"

एकतीस मार्चला दुपारपासूनच बर्फ ओला, जड झाला होता. माणसंही तुरळक. तोकुजीने वरचं ठाणं दुसऱ्याच्या हवाली केलं, बोर्ड बांधले आणि उताराच्या काठाशी उभा राहिला. खाली बाकावर निळा ठिपका दिसत होता. मासुएचा कोट.

पहिल्या वळणावर तो पडला. उठला. चिंचोळ्या भागात पुन्हा पडला, पार झाडांच्या कडेपर्यंत घसरला, तोंडात बर्फ गेला. गुडघ्यातून कळ उठली तेव्हा त्याने दात आवळले आणि टाचा बाहेर ढकलल्या. मग काय झालं कोण जाणे, डावं वळण आपोआप आलं. त्याने पायांकडे पाहिलं नाही. निळ्या कोटाकडे पाहिलं. शेवटचा दोनशे मीटरचा उतार तो न पडता, हात पसरून, एखाद्या म्हाताऱ्या बगळ्यासारखा खाली आला आणि बाकापासून चार पावलांवर थांबला.

मासुए उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते. दुकानाच्या दारात ओनुमा-सान हातातलं फडकं तसंच धरून थिजली होती.

"वा!" मासुए टाळ्या वाजवत म्हणाली. "नवीन शिकताय ना, काका? शेवटचं छान जमलं हं!"

 घामाचं आणि बर्फाचं पाणी तोकुजीच्या कॉलरमधून आत उतरत होतं.

"काका, वर आमचे हे दिसले का तुम्हाला?" तिने आवाज हळू करून विचारलं. "पाळण्यावर कामाला असतात. त्यांना स्की येत नाही, पण लाजतात सांगायला. मी कधी बोलून दाखवत नाही."

 हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"दिसले," तो म्हणाला.

"निघालेत का?"

"निघालेत. हळूहळू येताहेत."

"येऊ देत सावकाश. घाई नाही." ती हसली. मग त्याच्या पाठीमागे जाऊन तिने त्याच्या जॅकेटवरचा बर्फ झटकायला सुरुवात केली. खांदे, पाठ, कमरेचा पट्टा. परक्या माणसाचा झटकावा तसा, हलक्या हाताने, पण कुठेही कण राहू न देता. झटकून झाल्यावर ती बाकावर एका कडेला सरकली.

"बसा ना, काका. दमलात."

तोकुजी बोर्ड न सोडताच बसला. ती उताराकडे बघत होती. वरून कुणीच येत नव्हतं. थोड्या वेळाने तोही वर बघू लागला.