पाचवा आकडा

गुन्हे-नोंद कचेरीतल्या वर्गवारी कारकुनाला सगळे ‘खणवाले’ म्हणत. कुठलाही गुन्हा येवो, हा तो नेमक्या खणात टाकायचा. सासऱ्याने जावयाला विळा मारला? खून, मारणारा, एक. एक म्हणजे नातेवाईक, दोन ओळखीचा, तीन अनोळखी, चार स्वतः. तीस वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता आणि याची त्याला नको तितकी घमेंड होती.

त्या सोमवारी टेबलावर आलेला कागद त्याच्या भाच्याचा होता. कोठडीत मृत्यू.

बहीण सकाळीच दारात येऊन बसली होती. “दादा, दुसरं काही नको. कोणी मारलं तेवढं लिही.”

मारणाऱ्याचा आकडा बसल्याशिवाय कागद कोर्टात जात नसे, हे तिला त्यानेच कधीतरी फुशारकीने सांगितलेलं.

चार आकडेही त्यानेच बसवलेले. वीस वर्षांपूर्वी फॉर्म नवा झाला, तेव्हा एका अधिकारी बाईंनी पाचवा सुचवला होता: सरकारी माणूस. साहेबांची पंचाईत झाली. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? हाच पुढे सरसावला. “साहेब, पाच ओळी कागदावर मावत नाहीत.” साहेबांनी पाठ थोपटली. दोनदा परत आलेला कागद चारमध्ये टाकून मोकळं व्हावं, ही सोयही याचीच.

आता त्याने समासात हाताने पाच लिहिला, पुढे ‘सरकारी माणूस’, खाली सही. कित्येक वर्षांनी त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं.

मंगळवारी कागद परत आला: आकडा अमान्य. त्याने पुन्हा पाचच लिहिला. बुधवारी पुन्हा परत. गुरुवारी साहेब स्वतः टेबलाशी आले आणि मनापासून हळहळले.

“कुंपणच शेत खातं, तिथे आपण काय करणार? आणि नियम तर तुमचाच.” चारचा शिक्का त्यांनीच मारला.

संध्याकाळी बहीण पायरीवर होती. “लिहिलंस?”

“लिहिलं गं. टिकलं नाही. चार झालं.”

“चार म्हणजे कोण?”

त्याला खोटं सुचेना. “स्वतः.”

“त्याचा देह माझ्या ताब्यात दिला तेव्हा हात मागे बांधलेले होते, दादा. दोरी मी सोडली.”

तिने पिशवीतून ती दोरी काढून पायरीवर ठेवली आणि निघाली.